बग्गी चढावर बसते, कार्बोरेटर साफ केला की पंधरा दिवस चालते आणि परत तेच

आमच्याकडे चार पेट्रोल बग्ग्या, म्हणजे गोल्फ कार्ट, आहेत. गिरणारे रस्त्याला द्राक्षबागेतला मुक्काम आहे. खाली फाटक आणि पार्किंग, वर टेकडीच्या अंगाला खोल्या. मधला चढ जेमतेम तीनशे मीटरचा, पण चार माणसं आणि त्यांच्या बॅगा घेतल्या की इंजिनाचा कस तिथेच लागतो. या गाड्यांची देखभाल माझ्याकडे आहे. गेल्या हंगामात दिवाळीपासून जानेवारीपर्यंत तीन बग्ग्यांनी एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिली. ती मुळातून जायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत जे कळलं ते सविस्तर लिहितोय, कारण दिंडोरीकडून आणि इगतपुरीकडूनही अगदी हेच ऐकायला मिळतं आणि सगळीकडे उपाय एकच चालू असतो: कार्बोरेटर उघडा, साफ करा, लावा.

नाशकात गोल्फ म्हटलं की त्र्यंबक रोडवरचं गोल्फ क्लब मैदान आठवतं. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं नाव. तिथे लोक सकाळी चालायला-पळायला जातात, रणजीचे सामनेही झालेत. गोल्फ कार्ट मात्र आपल्याकडे बघायला मिळते ती बागांत आणि रिसॉर्टवर, आणि तिला सगळे बग्गीच म्हणतात. म्हणून पुढेही बग्गीच लिहितो.

तक्रार अशी होती. सकाळी पेडल दाबलं की गाडी लगेच चालू. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम. तिसऱ्या-चौथ्या फेरीला, इंजिन चांगलं तापलं आणि गाडी भरलेली असली की, चढाच्या दोन तृतीयांशावर पिकअप जायचा. इंजिन धापा टाकायचं, दोन-तीनदा फट्‌फट्‌ करायचं आणि बंद. पाहुणे उतरून चालत वर. दहा मिनिटांनी ड्रायव्हरने पेडल दाबलं की काहीच झालं नाही अशी चालू. फोनवर रोजचं वाक्य ठरलेलं: "दादा, गाडी परत बसली."

कार्बोरेटर साफ केला की दहा-पंधरा दिवस तक्रार नाही. मग पुन्हा सुरू. एका बग्गीला तर शहरातल्या एका गॅरेजने नवीन कार्बोरेटर बसवला. तोही तीन आठवड्यांत तसाच झाला. खरं तर त्याच दिवशी लक्षात यायला हवं होतं. नवा भाग बसवूनही जुनं दुखणं परत येतं, तेव्हा तो भाग दुखण्याचं मूळ नसतो. तो दुखणं भोगणारा असतो.

आधी या इंजिनाचा स्वभाव

ज्यांनी फक्त मोटारसायकल किंवा शेतातलं पंपाचं इंजिन हाताळलंय त्यांनी हे वाचावं, कारण बग्गीचं इंजिन दोन बाबतींत वेगळं वागतं.

पहिली बाब म्हणजे ते थांबलेल्या गाडीत चालू राहत नाही. चावी ऑन केली तरी काही होत नाही. पेडल दाबलं की आधी एक छोटा स्विच लागतो, त्यावरून सोलेनॉइड (स्टार्टरला करंट देणारा मोठा स्विच) ओढला जातो आणि स्टार्टर-जनरेटर बेल्टने इंजिन फिरवतो. इंजिन चालू झालं की तेच यंत्र बॅटरी चार्ज करायला लागतं. पेडल सोडलं की प्लगचा करंट तुटतो आणि इंजिन बंद. म्हणजे आमच्यासारख्या ठिकाणी हे इंजिन दिवसातून शंभरदा चालू-बंद होतं. पेट्रोल पुरवठ्यात थोडी जरी खोट असली तरी ती आधी इथे दिसते, मोटारसायकलला ती महिनाभर जाणवणारही नाही.

दुसरी बाब पेट्रोल पंपाची. टाकी आणि कार्बोरेटर जवळजवळ एका उंचीवर असल्यामुळे पेट्रोल आपोआप खाली येत नाही. त्यासाठी एक चपटा डायफ्राम पंप असतो. त्याला वीज लागत नाही. पिस्टन वर-खाली झाला की क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या पेटीतला, दाब कमी-जास्त होतो, तो एका पाइपने पंपापर्यंत जातो आणि आतला पडदा हलवतो. म्हणून या पंपाला तीन पाइप असतात: टाकीकडून येणारा, कार्बोरेटरकडे जाणारा आणि इंजिनाकडून दाब आणणारा. हा तिसरा पाइप, ज्याला मी पुढे पल्स पाइप म्हणेन, बरेच मेकॅनिक हवेचा पाइप समजून सोडून देतात.

बाकी इंजिन साधंच. आमची एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, हवेने थंड होणारी, तीनशे सीसीच्या आसपासची आहेत. यामाहा, क्लब कार, ई-झी-गो या तिन्हींच्या जुन्या पेट्रोल बग्ग्यांना पुढचं सगळं थोड्याफार फरकाने लागू पडतं. काही ई-झी-गोंना दोन सिलिंडरचं इंजिन असतं, तिथे प्लग दोन बघायचे एवढंच.

काम सुरू करण्याआधी एक गोष्ट कृपा करून पाळा. ही गाडी पेडलवर चालू होते. म्हणजे तुम्ही इंजिनापाशी वाकलेले असताना कोणी सहज पेडलवर पाय ठेवला तर ती तुमच्यासकट पुढे जाईल. चावी खिशात घ्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकाला दगड लावा. इंजिन चालू ठेवून बघायचं असेल तर मागची दोन्ही चाकं घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचला. सीटखालच्या बंद जागेत पेट्रोलची वाफ साचते आणि स्टार्टर-जनरेटरची ठिणगीही तिथेच पडते. पाइप काढल्यावर सीट उघडी ठेवून वाफ जाऊ द्या, मगच बॅटरी जोडा.

दोष बघायचा तो बंद पडते त्याच जागी

आमची सगळ्यात मोठी चूक ही झाली की गाडी ढकलत शेडमध्ये आणायची, दुपारी उघडायची आणि मग म्हणायचं, "सगळं तर ठीक आहे." तोपर्यंत इंजिन थंड, टाकीतला दाब मोकळा, पुरावा गेलेला. शेवटी मी एक छोटी पिशवी करून ड्रायव्हरकडेच दिली. त्यात प्लगचा पाना, एक नवा प्लग, लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, वीतभर पाइप, एक काचेची छोटी बाटली आणि फडकं. मीही आठवडाभर गर्दीच्या वेळी चढावरच थांबलो. तिन्ही बग्ग्यांचं कोडं त्या आठवड्यात सुटलं, आणि तिन्हींची कारणं निघाली वेगवेगळी.

कसं बघायचं ते सांगतो.

गाडी बसायला लागली की पहिल्यांदा कानाने बघा. इंजिन जोरात ओरडतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर इंजिनाला दोष देऊ नका. ड्राइव्ह बेल्ट किंवा क्लच घसरतोय. इंजिनाचाच आवाज खोल जात असेल तर पुढे चला. यातही फरक आहे. दिवा विझवल्यासारखं खटकन बंद पडलं तर करंट गेला असण्याची शक्यता जास्त, तापलेली इग्निशन कॉइल असं करते. खोकत, दम तोडत, परत थोडी उसळी घेत बंद पडत असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

मग चोक. धापा टाकायला लागली की ड्रायव्हरने चोक अर्धा ओढायचा. इंजिनाने उचल खाल्ली तर मिश्रण लीन झालंय, म्हणजे पेट्रोल कमी किंवा कुठून तरी जास्तीची हवा. चोक ओढल्यावर आणखी गुदमरलं आणि काळा धूर आला तर उलट, पेट्रोल जास्त होतंय. एअर फिल्टर बघा, फ्लोटची सुई (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल सोडणारी-अडवणारी) बघा. आमच्या तिन्ही गाड्या चोकवर उचल घ्यायच्या. एका झटक्यात प्लग, कॉइल, क्लच यादीतून बाद झाले. हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर नव्या कॉइलचे पैसे वाचले असते.

गाडी बंद पडल्याबरोबर, पाहुणे उतरले, ब्रेक लॉक केला, चावी काढली, की टाकीचं झाकण हळू फिरवा. कान जवळ ठेवा. आत हवा ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला तर नोंद करा.

आणि आता सगळ्यात कामाची चाचणी. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला, म्हणजे फ्लोट बाउलला, तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. त्याच्या नळीला पाइपाचा तुकडा लावा, दुसरं टोक बाटलीत धरा आणि स्क्रू सोडा. सायलेन्सर तापलेला असतो, पेट्रोलचा थेंबही बाहेर पडू देऊ नका. बाउल भरलेला निघाला तर पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोहोचलं होतं, अडकलं ते जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात. बाउल जवळजवळ रिकामा निघाला तर पेट्रोल पोहोचलंच नाही, दोष मागे आहे: झाकण, फिल्टर, पाइप किंवा पंप. या एका फाट्यावर अर्धं काम होतं.

पहिली बग्गी: बाउल भरलेला आणि त्यात काळी कणी

पहिल्या गाडीची बाटली उजेडात धरली तेव्हा तळाशी बारीक काळे कण दिसले. मातीचे नव्हते. बोटावर चोळले की काजळासारखे पसरत होते. रबर.

फिल्टर मात्र स्वच्छ. त्यामुळेच सगळे फसत होते. फिल्टर टाकीजवळ बसवलेला होता आणि त्याच्या पुढे, पंपापर्यंत आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंत, मिळून अडीच-तीन फूट पाइप होता. तो पाइप काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरून ठीकठाक, एकही चीर नाही. आतलं अस्तर मऊ, चिकट आणि पापुद्रे सुटलेलं. कचरा फिल्टरच्या पुढेच तयार होत होता, मग फिल्टर तो अडवणार कसा?

चढावरच का बसायची आणि दहा मिनिटांनी का चालू व्हायची, तेही यातून उलगडलं. सपाटीवर मेन जेटमधून पेट्रोलची ओढ कमी असते, कण तळाशी पडून राहतात. चढावर पेडल पूर्ण दाबलेलं, ओढ जोरात, कण उचलून जेटच्या तोंडाशी चिकटतात. पेट्रोल तुटतं, इंजिन बंद होतं, ओढ थांबते आणि कण आपोआप गळून खाली. म्हणून पुन्हा चालू. आणि साफसफाईनंतर पंधरा दिवस का मिळायचे? कारण आपण बाउल धुतला, पण कणांचा कारखाना चालूच ठेवला. उलट दर वेळी कार्बोरेटर काढताना पाइप ओढून काढायचो आणि परत दाबून बसवायचो, तेव्हा मऊ पडलेलं अस्तर नळीच्या कडेने आणखी खरवडलं जायचं.

पाइप असा का होतो? साध्या पेट्रोलसाठी बनलेलं जुनं रबर इथेनॉलपुढे टिकत नाही. आपल्याकडे २०२३ पासून ई२० यायला लागलं आणि २०२५ पर्यंत बहुतेक पंपांवर तेच झालं, म्हणजे पाचातला एक भाग इथेनॉल. आमच्या बग्ग्या त्याच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्यांचे पाइप, पंपाचा पडदा, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, हे सगळं दहा टक्क्यांच्या वर इथेनॉल येईल असं धरून बनवलेलंच नाही.

उपाय: टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक इंच पाइप बदलला. द्वारका आणि मुंबई नाक्याच्या बाजूच्या दुकानांत मीटरवर मिळणारा काळा पाइप बऱ्याचदा साधा रबरी असतो. त्यावर काय छापलंय ते वाचून घ्या. एसएई जे३० आर९ असं छापलेला पाइप घ्या, त्याच्या आत इथेनॉल सोसणारं अस्तर असतं. साध्या पाइपापेक्षा तो बराच महाग पडतो, पण एका बग्गीला लागतो तो दोन मीटरच्या आत. नवीन पाइप कापल्यावर आतून हवा मारा, कापताना पडलेली रबराची कणीही तीच तक्रार देते. पंप उघडता येत नसेल तर नवा घाला, उघडता येत असेल तर पडद्याचा संच बदला. फिल्टर मी आता पंपाच्या पुढे, कार्बोरेटरच्या अगदी तोंडाशीही एक छोटा घातलाय. घालताना बाणाची दिशा बघा आणि सायलेन्सरपासून लांब ठेवा.

हे झाल्यावर एकदाच, शेवटचा, कार्बोरेटर नीट साफ केला. मेन जेटपेक्षा स्लो जेटकडे, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल देणाऱ्या जेटकडे, जास्त लक्ष द्या. त्याचं छिद्र केसाएवढं असतं, आणि दिवसातून शंभरदा पेडल मारून इंजिन चालू होतं ते त्याच्याच जिवावर. कार्ब क्लीनर आणि कंप्रेसरची हवा. स्टीलची तार अजिबात नको. छिद्र किंचित जरी मोठं झालं तरी त्या जेटचं माप कायमचं बिघडतं. फारच अडलं तर वायरीतली तांब्याची एक बारीक तार पुरते.

दुसरी: बाउल रिकामा, झाकणाला सुस्कारा

हिचं दोन ओळींचं काम होतं. टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्याची बारीक वाट असते. बागेतली धूळ आणि वर फवारणीचं पांढरं पावडर बसून ती बंद झाली होती. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत येईना, टाकीत ओढ तयार झाली आणि पंपाला पेट्रोल ओढवेना. झाकण साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, सुकवून, तोंडाने हवा जाते का ते बघितलं. संपलं. तात्पुरती खात्री करायची असेल तर झाकण एक आटा सैल ठेवून एकच फेरी मारा. गाडी बसली नाही तर दोष झाकणाचाच. तशीच सैल ठेवून रोज चालवू नका, चढावर पेट्रोल सांडतं.

तिसरी: बाउल रिकामा, झाकण ठीक

हिने मला सगळ्यात जास्त दमवलं. टाकी भरलेली, पाइप नवे, फिल्टर स्वच्छ, झाकण मोकळं, तरी तापली की पेट्रोल वर येईना.

पंप तपासायची रीत अशी. प्लगची टोपी काढून इंजिनाच्या अंगाला नीट अर्थ करा, म्हणजे ठिणगी उघड्यावर पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सुटा करून बाटलीत सोडा, बाटली शक्य तेवढी लांब धरा आणि सोबतीला पेडल दाबून इंजिन नुसतं फिरवायला सांगा. प्रत्येक ठोक्याला पेट्रोलची पिचकारी यायला हवी. आमच्याकडे थेंब थेंब येत होतं.

मग पल्स पाइप काढला तर त्यात ऑइल भरलेलं. दाबाच्या ठोक्यांऐवजी आत ऑइलचा दट्ट्या बसलेला. पडदा हलणार कसा? आणि ऑइल तिथे आलं कसं? कोणीतरी डिपस्टिकच्या खुणेच्या वर ऑइल भरलं होतं. या इंजिनांना ऑइल एक-दीड लिटरच्या आसपास लागतं. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून पाव लिटर वाढवलं की ते क्रँककेसमधून ब्रीदरमध्ये (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत), एअर फिल्टरमध्ये आणि पल्स पाइपात चढतं. थंड असताना कसंबसं चालतं, तापून पातळ झालं की आणखी वर येतं. जास्तीचं ऑइल काढलं, पल्स पाइप आणि पंप कोरडे केले, गाडी ठीक.

पल्स पाइपात ऑइलऐवजी पेट्रोल दिसलं तर मात्र गाडी त्याच क्षणी थांबवा. पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातंय. डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, पातळी आपोआप वाढलेली असेल, तर ते ऑइल बेअरिंगला वाचवणार नाही. पंप बदला, ऑइल बदला, मगच चालू करा. ड्रायव्हर मंडळींना मी हे मुद्दाम हाताने दाखवून शिकवलंय, कारण यात इंजिनच जातं.

मूळ गेलं, पण ट्यूनिंगचा झालेला विस्कोट

तीन महिने ज्याच्या हातात पाना आला त्याने काही ना काही फिरवलं होतं. प्रत्येक जण चांगल्या भावनेनेच करत होता, पण गाडी बरी झाल्यावरही दोन बग्ग्या पेडल सोडताना सायलेन्सरमध्ये बार काढायला लागल्या. म्हणून सगळं पहिल्यापासून बसवलं. क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला तर एक सेटिंग दुसऱ्याला बिघडवतं.

सुरुवात इंजिनाबाहेर. गाडी न्यूट्रलला टाकून सपाट फरशीवर एका माणसाने ढकलून बघा. सहज सरकली नाही तर ब्रेक धरतोय, आणि धरलेल्या ब्रेकवर कुठलंच ट्यूनिंग जमत नाही. चाकांत हवा बरोबर हवी. एअर फिल्टर कोरडा आणि स्वच्छ. बागेत फेब्रुवारी-मार्चला धूळ इतकी असते की मी तो दर आठवड्याला झटकतो. स्टार्टर-जनरेटरचा बेल्ट सैल असेल तर पेडल दाबताना किंचाळतो, तो ताणा. इंजिन रेसमध्ये असताना बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट. इंजिन पूर्ण थंड, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला, फिलर गेजने दोन्ही व्हॉल्व्ह. अशा छोट्या इंजिनांत गॅप एक दशांश मिलिमीटरच्या आसपास असतो, पण नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्या. एक्झॉस्टचा गॅप काळाने कमी होत जातो, आणि तो संपला की व्हॉल्व्ह तापल्यावर पूर्ण बसत नाही. गरम इंजिन चालू व्हायला वेळ घेतंय, थंड लगेच होतंय, तर मी कार्बोरेटरआधी टॅपेट बघतो. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी.

त्यानंतर पेडल आणि केबल. पेडल हळूहळू दाबा. आधी स्विचचा टिक आवाज, मग थ्रॉटल हलायला सुरुवात, हाच क्रम हवा. केबल जास्त ताणलेली असेल तर थ्रॉटल पेडल सोडल्यावरही पूर्ण मिटत नाही. इकडे करंट तुटतो, तिकडे उघड्या थ्रॉटलमधून न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं आणि बार निघतो. आमच्या दोन्ही गाड्यांचं नेमकं हेच झालं होतं. केबलला थोडा ढिलेपणा दिला, थ्रॉटलचं पातं आपल्या स्टॉपवर टेकतंय हे डोळ्यांनी बघितलं, बार बंद.

मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा, दाबू नका, सुईचं टोक चेपलं की तो कार्बोरेटर पुन्हा कधीच नीट बसत नाही. तिथून दीड आटा बाहेर, हा माझा सुरुवातीचा टप्पा. चाकं घोड्यांवर किंवा न्यूट्रल लॉक (गाडी न हलता इंजिन चालू ठेवू देणारी कळ) लावून इंजिन गरम करा आणि पाव-पाव आटा फिरवत जिथे सगळ्यात सम चालतं तिथे थांबा. मग चढावर भरलेली एक फेरी, आणि वर पोहोचल्याबरोबर प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. पांढराफटक म्हणजे लीन, कोरडा काळा म्हणजे रिच, पेट्रोल जास्त.

इथे नाशिकचा एक खास मुद्दा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहोत. हवा थोडी विरळ, त्यामुळे समुद्रसपाटीचा जेट इथे किंचित रिच चालायला हवा. पण ई२० उलट्या दिशेने ओढतं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, आणि ई२० ला साडेतेराच्या आसपास. म्हणजे त्याच जेटमधून ई२० गेलं की मिश्रण लीन पडतं, आणि हा परिणाम उंचीच्या परिणामापेक्षा मोठा आहे. आमच्या दोन गाड्यांचे प्लग सगळं बरोबर करूनही पांढरे येत होते. मेन जेट एक माप मोठा घातला, रंग आला. हे फक्त पाइप, झाकण, पंप आणि इनटेकचं गॅस्केट तपासून झाल्यावरच करा. कार्बोरेटर आणि हेडच्या मधल्या गॅस्केटमधून हवा ओढली जात असेल तर मोठा जेट फक्त दोष झाकतो.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, त्याबद्दल एवढंच सांगतो. त्याची दांडी हललेली असेल तर पुस्तिकेप्रमाणे बसवा, कारण शाफ्ट कोणत्या दिशेला फिरवायचा हे प्रत्येक इंजिनात वेगळं असतं. वेग वाढवण्यासाठी स्प्रिंग ताणू नका. या गाड्या ताशी १९ ते २४ किमी वेगासाठी बांधलेल्या असतात, बहुतेकांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, बाजूला दारं नाहीत, आणि बसलेल्यांत लहान मुलं असतात. आमच्या एका बग्गीची स्प्रिंग कोणीतरी पुढच्या भोकात अडकवली होती. ती उतारावर कशी धावते हे बघितल्यावर मी त्या दिवशी ती बाहेरच काढली नाही.

पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्या

जून ते सप्टेंबर आमच्या आतल्या वाटा काळ्या मातीने चिकट होतात आणि दोन बग्ग्या शेडमध्येच राहतात. दिवाळीला तक्रारी सुरू होण्याची बीजं तिथेच पडतात. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतात, वर नुसतं पेट्रोल तरंगतं, आणि पंप ओढतो ते तळातून. शंका आली तर टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आडवी रेघ दिसली तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवा.

आता मी मे अखेरीस टाकी आणि बाउल दोन्ही कोरडे करतो, काढलेलं पेट्रोल त्याच आठवड्यात चालू गाड्यांत वापरतो. बॅटरी काढून शेडमध्ये फळीवर ठेवतो आणि महिन्यातून एकदा चार्ज करतो. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं, नाहीतर गांधीलमाशा मातीचं घर करतात. आणि प्रत्येक बग्गीच्या सीटखाली पांढऱ्या रंगाने पाइप बदलल्याचा महिना आणि साल लिहून ठेवलंय. दोन वर्षं झाली की पाइप चांगला दिसो वा न दिसो, बदलायचा. काढलेला जुना तुकडा दर वेळी चिरून बघतो. आर९ पाइपाचा पहिला तुकडा आठ महिन्यांनी काढला होता, आतून नव्यासारखा होता.